पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

पत्र:

मॅडम, मी ३४ वर्षांची आहे, सातारा जिल्ह्यात राहते. बी.एस्सी. होऊन १३ वर्षं झाली. मध्ये लग्न, दोन मुलं, आणि आता बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. ‘अध्ययन शैली’ हा घटक शिकवताना सरांनी आमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. मी ‘दृश्य’, म्हणजे बघून शिकणारी, निघाले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं वाटायचं की आपल्याला अभ्यास जमतच नाही, आता कळलं की पद्धत चुकत होती. मग रंगीत पेनं आणली, सगळ्या घटकांचे तक्ते केले, रात्री साडेनऊला मुलं झोपली की यूट्यूबवर व्हिडिओ बघते. तरी अंतर्गत परीक्षेत मानसशास्त्राला २५ पैकी ९. वाचलेलं सगळं समोर दिसतं, पण लिहायला गेलं की पुसट होतं. प्रश्नावली चुकली असेल का? माझी खरी शैली शोधायला दुसरी एखादी चांगली चाचणी आहे का? पुढे टीईटीही (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यायची आहे, गणित-विज्ञान घेऊन. आणखी एक. चौथीतल्या मुलाचीही प्रश्नावली मी घरी भरली. तो ‘कृतिशील’, म्हणजे करून शिकणारा, निघाला. आता वाचायला बसवलं की म्हणतो, “आई, मी कृतिशील आहे, मला वाचन चालत नाही.” काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
– एक छात्राध्यापिका

उत्तर:

तू म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते.

तुझ्या मुलाचं वाक्य वाचून आधी हसू आलं आणि मग जरा ओशाळल्यासारखं झालं. जवळपास हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे, आणि बोलणाऱ्याला ते शिकवलं होतं मीच.

डी.एड.च्या विद्यालयात मी २२ वर्षं शिकवलं. अध्ययन शैली हा घटक आला की माझा तास रंगायचा. प्रश्नावली वाटायची, गुण मोजायचे, मग दृश्यवाले खिडकीकडे, श्राव्यवाले दाराकडे, कृतिशील मागच्या भिंतीशी. मुलं खूश, मी खूश. एका वर्षी एक मुलगा पाठ टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, न करताच सराव पाठाला आला. विचारलं तर म्हणाला, “मॅडम, मी श्राव्य आहे. लिहून माझ्या डोक्यात जात नाही.” मी काय केलं असेल? त्याच्या आत्मपरीक्षणाचं वर्गासमोर कौतुक केलं! त्या दिवशी त्याचा पाठ फसला. सहावीच्या वर्गासमोर खडू हातात घेऊन बिचारा नुसता उभा राहिला. तरी मला शंका आली नाही. ती यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. त्यामुळे आता जे सांगते त्यात थोडं प्रायश्चित्त आहे असं समज.

दुसरी चाचणी शोधू नकोस. हव्या तेवढ्या मिळतील. ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मोजदाद केली तेव्हा अध्ययन शैलीची ७१ प्रतिमानं, म्हणजे मॉडेल्स, सापडली होती. त्यातली मुख्य १३ त्यांनी नीट तपासली, तर बहुतेकांचा पाया कच्चा निघाला. एकीत तू ‘दृश्य’ निघशील, दुसरीत ‘चिंतनशील’, तिसरीत आणखी काही. वर्तमानपत्र बदललं की राशीचं भविष्य बदलतं, तसं.

पण तुझी प्रश्नावली चुकली असंही मी म्हणणार नाही. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर तिनं बरोबर दिलं. तू ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर समजलीस. या दृश्य-श्राव्य-वाचनलेखन-कृती चौकडीचं मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. नील फ्लेमिंग पूर्वी शाळा तपासणीस होते. वर्गावर्गांतून बसताना त्यांना कोडं पडलं की काही उत्तम शिक्षकांचंही काही मुलांपर्यंत पोचत नाही, आणि काही सुमार शिक्षकांचं मात्र पोचतं, असं का. पुढे लिंकन विद्यापीठात असताना, १९८७ साली, त्यांनी ‘व्हार्क’ ही प्रश्नावली तयार केली. तिचे प्रश्न आठवून बघ. कुणाला पत्ता सांगायचा तर नकाशा काढून द्याल की तोंडी सांगाल, नवं यंत्र आणलं तर माहितीपत्रक वाचाल की बटणं दाबून बघाल, असेच असतात ना? हे सगळे आवडीचे प्रश्न झाले. काय लक्षात राहिलं, काय सोडवता आलं, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही. फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकारी मिल्स यांनी १९९२ साली जो लेख लिहिला त्याचं शीर्षकच असं होतं की ही आणखी एक चाचणी नव्हे, विचाराला चालना देणारी गोष्ट आहे. आपण ती चालना सोडून दिली आणि शिक्का तेवढा घेतला.

आणि यातली गंमत बघ. फ्लेमिंग यांच्या ‘दृश्य’मध्ये नकाशे, आलेख, बाण आणि चौकटींच्या आकृत्या येतात. व्हिडिओ त्यात येतच नाहीत. म्हणजे रोज रात्री साडेनऊनंतर तू जे करत होतीस ते त्यांच्या हिशोबानंही तुझ्या शैलीचं नव्हतं.

आवडणं वेगळं आणि मानवणं वेगळं. मला श्रीखंड आवडतं. माझे डॉक्टर त्यावर काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

तुला कृतिसंशोधनाचा भाग असेलच, म्हणून पुढचा मुद्दा पटकन कळेल. शैलीप्रमाणे शिकवलं तर जास्त शिकता येतं, हे सिद्ध करायचं तर काय करावं लागेल? दृश्यवाले आणि श्राव्यवाले असे दोन गट घ्यायचे. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांनी शिकवायचं, निम्म्यांना ऐकवून, आणि कुणाला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग सगळ्यांची एकच परीक्षा. दृश्यवाल्यांना चित्रांनी आणि श्राव्यवाल्यांना ऐकून जास्त गुण पडले, तरच दावा खरा. पॅश्लर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली असे पुरावे शोधले, तर या रीतीनं केलेले अभ्यासच मुळात मोजके होते, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष तर दाव्याच्या उलट होते. पुढे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून हीच व्हार्क प्रश्नावली भरून घेतली. बरेच जण घरी आपल्या शैलीप्रमाणे अभ्यास करतच नव्हते. जे करत होते त्यांनाही त्यामुळे जास्त गुण पडले नाहीत. अगदी तुझ्यासारखं.

म्हणून ते ९ गुण बघून ‘आपण ढ’ या जुन्या जागी परत जाऊ नकोस. तुला अभ्यास जमत नाही असं काहीच सिद्ध झालेलं नाही. पद्धत चुकत होती हे तुझं म्हणणं खरंच आहे. फक्त ती नेमकी कुठे चुकत होती याचा शोध तू चुकीच्या ठिकाणी घेतलास.

तो शोध तुझ्याच पत्रात आहे. ‘वाचलेलं सगळं समोर दिसतं, पण लिहायला गेलं की पुसट होतं.’ हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवलंय.

निवृत्त झाल्यावर मी मोडी लिपी शिकायला गेले. वर्णमालेचा तक्ता स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर लावला. येता-जाता बघायची. पंधरा दिवसांत सगळी अक्षरं ओळखीची झाली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग शिक्षकांनी एका जुन्या कागदाची झेरॉक्स पुढे ठेवली. आधी आडवी रेघ ओढून तिला लोंबकळणारी अक्षरं, दोन शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पहिली ओळ मला लागेना. फ्रिजवरचा तक्ता डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होता, आणि तरी एकेका अक्षराशी अडत होते. घरी येऊन तक्ता काढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि रोज कोऱ्या कागदावर आठवून आठवून लिहायला लागले. पहिल्या दिवशी निम्मी वर्णमाला आली नाही, चिडचिड झाली. पण तेव्हापासून खरं शिकणं सुरू झालं. तक्ता माझी ओळख करून देत होता. आठवायचा सराव मात्र तो माझ्या वाटचा स्वतःच करून टाकत होता, कारण अडलं की मी मान वर करून त्याच्याकडे बघायची.

तुझे रंगीत तक्ते आणि व्हिडिओ नेमकं हेच करताहेत. बघताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजेच येणं असं मन समजून बसतं. २००६ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी यावर एक साधा, देखणा प्रयोग केला. कॉलेजच्या मुलांना एक लहानसा उतारा दिला. एका गटानं तो चारदा वाचला. दुसऱ्या गटानं एकदाच वाचला आणि तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा त्यांना ४० टक्के आठवलं, आणि एकदाच वाचून तीनदा आठवणाऱ्यांना ६१ टक्के. आणि ‘आठवड्यानं किती आठवेल?’ असं आधीच विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री कुणाला होती? चारदा वाचणाऱ्यांना.

आपल्याकडे हे नवं नाही. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, त्यात पाढे, पावकी, निमकी, दिडकी, औटकी. हातात पुस्तक नसायचंच, तर उघडणार काय? अर्थ न कळता घोकण्याचा दोष त्यात होताच, मी त्याची भलामण करत नाही. पण रोज थोडं, आणि न बघता, या दोन गोष्टी त्या पद्धतीत बरोबर होत्या. त्याच दोन गोष्टींवर आजचं संशोधनही येऊन थांबलंय. डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा लोकप्रिय युक्त्या पारखल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं या दोन सर्वांत वर आल्या. रंगीत पेनानं अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं यांची उपयुक्तता कमी ठरली. पेनांवर खर्च झालाय, मला माहीत आहे. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

आता तुझ्या मूळ इच्छेकडे येऊ, कारण ती इच्छा चांगली आहे. स्वतःला विद्यार्थिनी म्हणून ओळखायचंय ना? मग सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे छोट्या सराव पाठाचं, चक्र आठव. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुनरध्यापन, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६. तिथे तुला कुणी प्रश्नावली देऊन ‘तू प्रश्न-कौशल्य प्रकारची शिक्षिका आहेस’ असं सांगितलं का? नाही. शिकवायला लावलं, मागे बसून मैत्रिणीनं निरीक्षण तक्ता भरला, कुठे अडलं ते दाखवलं, पुन्हा करायला लावलं. शिकवणं ज्या रीतीनं तपासतेस त्याच रीतीनं स्वतःचं शिकणं तपास. डेव्हिड कोल्ब यांच्या १९८४च्या पुस्तकातलं अनुभव, चिंतन, संकल्पना, प्रयोग हे चक्रही तुझ्या नोट्समध्ये असेल. कोल्ब यांनीही त्यातून माणसांचे चार प्रकार पाडले, ते मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. चक्र मात्र पक्कं आहे.

एक दोनशे पानी वही घे. या आठवड्यात साधारण सारख्या लांबीचे दोन घटक निवड, समजा पियाजे (मुलांच्या विचारशक्तीच्या अवस्था) आणि कोह्लबर्ग (नैतिक विकासाच्या अवस्था). पियाजे तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं कर, तक्ता आणि व्हिडिओ, घड्याळ लावून चाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी कोह्लबर्गही चाळीसच मिनिटं, पण असा: एकदा लक्षपूर्वक वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही. तीन पातळ्या, सहा अवस्था, प्रत्येकीचं तुझ्या वर्गातलं एखादं उदाहरण. मग पुस्तक उघड आणि सुटलेलं लाल पेनानं भर. पुन्हा मिट, पुन्हा लिही. वेळ संपेपर्यंत. दोन्ही दिवशी उठायच्या आधी वहीत एक आकडा टाक: ‘आठवड्यानं विचारलं तर मला दहापैकी इतके पडतील.’ त्या आकड्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही, तो विसरू नकोस.

सात दिवसांनी दोन्ही घटक न बघता लिही आणि वर्गातल्या मैत्रिणीकडून तपासून घे. तिला सांगू नकोस कोणता कसा केलास. पुढच्या आठवड्यात दुसरी जोडी घे. एकाच खेपेवर निकाल देऊन मोकळी होऊ नकोस. कोह्लबर्ग तुला मुळातच सोपा गेला असेल, किंवा त्या रात्री धाकटं मूल तापानं जागं असेल. चार आठवडे, आठ घटक, मग वही उघडून बघ.

गुण तर बघशीलच. पण मला जास्त उत्सुकता आहे ती अंदाज आणि गुण यांतल्या फरकाची. व्हिडिओनंतर आठ लिहिलेस आणि पडले चार, कोऱ्या कागदानंतर पाच लिहिलेस आणि पडले सात, असं काहीसं दिसेल असा माझा होरा आहे. नाही दिसलं तर मला कळव, मी या सदरात तसं छापेन. जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात मेटाकॉग्निशन हा शब्द रुजवला तो याच्यासाठी: आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे आपल्याला कितपत नीट कळतं. प्रश्नावलीत तू स्वतःबद्दल मत दिलंस. वहीत तुझ्याबद्दल नोंद होईल. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यामागेही एवढंच होतं. निरर्थक अक्षरगट, एक वही, आणि विद्यार्थी म्हणून ते स्वतः.

एक सांगून ठेवते, पहिले आठ-दहा दिवस वाईट वाटेल. कोरा कागद अपमान करतो. व्हिडिओ करत नाही, तो गोड बोलतो. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी अशा अडचणींना ‘हव्याशा अडचणी’ म्हटलंय. आठवताना जो ताण येतो तोच काम करत असतो. त्या ताणाला ‘हे माझ्या शैलीचं नाही’ असं नाव देऊन उठू नकोस. मला वाटतं, शैलीच्या कल्पनेनं सर्वांत मोठं नुकसान केलं ते हेच. अवघड वाटलं की उठायला तिनं शास्त्रीय कारण दिलं.

टीईटीचं म्हणशील तर दुसऱ्या पेपरात १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राचे आणि ६० तुझ्या गणित-विज्ञानाचे. पर्याय समोर असतात, मग ओळख पुरेल असं तुला वाटेल. पण चारही पर्याय ओळखीचे वाटतात, आणि पेपर काढणाऱ्यांचं कसब तिथेच असतं. गणितात आणखी एक बदल कर. आज फक्त नफा-तोटा, उद्या फक्त सरळव्याज, असं करत असशील तर थांब. प्रत्येक प्रकार समजून घेतलास की सरावाला नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर, काळ-काम-वेग एकमेकांत मिसळ. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली घनफळाची गणितं देऊन हे तपासलं. एकेका प्रकारची सलग गणितं करणाऱ्यांची सरावात ८९ टक्के बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर. कारण परीक्षेत गणिताच्या डोक्यावर त्याचा प्रकार लिहिलेला नसतो. तो ओळखायचा सराव सलगवाल्यांना कधी झालाच नव्हता.

मग सगळी माणसं सारखीच शिकतात का? नाही गं. फरक असतात, फक्त ते डोळे-कान-हात असे वाटलेले नसतात. तुझ्या अभ्यासक्रमातल्या ऑसुबेल यांचं १९६८पासूनचं म्हणणं असं की शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं, हीच शिकण्यावर परिणाम करणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुझ्या बाबतीत मला इथेच खरी गोम दिसते. बी.एस्सी. तू इंग्रजीतून केलंस असणार, आणि बी.एड. बहुधा मराठीतून करते आहेस. प्रबलन, सात्मीकरण, प्रत्याभरण, आंतरवासिता हे शब्द तेरा वर्षांच्या खंडानंतर एकदम अंगावर आलेत. कल्पना कळते पण शब्द हाताशी येत नाही, आणि मग उत्तर पुसट होतं. वहीच्या मागच्या बाजूनं शब्दांची यादी सुरू कर. डावीकडे शब्द, उजवीकडे तुझ्या भाषेत अर्थ आणि घरातलं एक उदाहरण. धाकट्यानं ताट उचलून ठेवलं आणि तू शाबासकी दिलीस, हे प्रबलन. उजवी बाजू झाकून रोज दहा शब्द. कॉलेजला एसटीनं जात असशील तर प्रवासात हेच कर, आणि काल काय शिकवलं ते खिडकीबाहेर बघत मनाशी म्हण. मोबाइल पिशवीत.

दुसरा फरक वेळेचा. रात्री साडेनऊला, दिवसभराची कामं उरकून बसणाऱ्या बाईला वाचन जड जातं. ते शैलीमुळे नव्हे, थकव्यामुळे. सकाळी डबे करायच्या आधीची वीस मिनिटं मिळतात का बघ. घरच्यांना एखादं काम वाटून दे. ‘मी दृश्य आहे’ हे त्यांना ऐकवण्यापेक्षा ‘मला सकाळी वीस मिनिटं हवीत’ हे ऐकवणं जास्त कामाचं.

जाता जाता एका तक्त्याबद्दल. शैक्षणिक साधनांच्या घटकात डेल यांचा अनुभव शंकू, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंतची उतरंड, येईल, आणि शेजारी ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ असं कुणीतरी फळ्यावर लिहील. शंकू खरा आहे, ओहायो राज्य विद्यापीठातल्या एडगर डेल यांनी तो १९४६ साली मांडला. टक्केवारी त्यांची नाही, ती नंतर कुणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे कुठल्या प्रयोगातून येतात का, सांग बरं? मीही ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेत. परीक्षेत अध्ययन शैलीवर प्रश्न आला तर मात्र पुस्तकात आहे तसं, कुणी कोणतं वर्गीकरण केलं ते नीट लिही, आणि शेवटी या मतावर आक्षेप आहेत असं एक वाक्य घाल. सरांशी वाद घालायचा तर निकालानंतर.

आता तुझा ‘कृतिशील’ पोरगा. आज रात्री त्याला जवळ घेऊन बालभारतीचं एक पान मोठ्यानं वाचायला सांग आणि फक्त ऐक, मधे दुरुस्त करू नकोस. सफाईनं वाचत असेल तर पोरगं हुशार आहे, आईच्याच कागदाचा वकिलासारखा वापर करतंय. अडखळत असेल, ओळ चुकवत असेल, जोडाक्षरांशी थांबत असेल, तर ‘कृतिशील’ या शब्दानं ते झाकलं जाऊ देऊ नकोस. आधी डोळे तपासून घे. मग वर्गशिक्षिकेशी बोल. रोजच्या सरावानंही फरक पडत नसेल तर अध्ययन अक्षमतेसाठी तज्ज्ञांकडून तपासणी होते, ती करून घ्यायला कचरू नकोस. कुणी हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३च्या बहुविध बुद्धिमत्तेचा दाखला देऊन ‘त्याची बुद्धिमत्ताच शारीरिक आहे’ म्हणालं, तर गार्डनर यांनी स्वतःच सांगितलंय की त्यांची यादी म्हणजे अध्ययन शैली नव्हे.

आणि त्याला स्पष्ट सांग: “तो कागद आईनं चुकीचा समजून घेतला होता.” चौथीतल्या मुलाला आईनं चूक कबूल केलेली फार आवडते. मग दोघं मिळून परवचा करा. जेवताना तू त्याला परिसर अभ्यासातलं एक विचार, त्यानं तुला पियाजेची एक अवस्था विचारायची. अवस्थांची नावं त्याला येत नाहीत, तेव्हा चिठ्ठीवर लिहून दे. तू चुकलीस की त्याला किती आनंद होतो बघ.

तक्ते टाकून देऊ नकोस. चित्र आणि शब्द शेजारी शेजारी असले की समजायला सोपं जातं, आणि ते कुठल्या एका प्रकारच्या मुलांना नाही, बहुतेक सगळ्यांनाच. आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाच्या काळात, सातवीचा वर्ग मिळाला की पचनसंस्था शिकवायला तुझी रंगीत पेनं कामी येतील. आकृती काढ, नावं लिही, समजावून सांग. मग तक्ता उलटा करून भिंतीला टेकव आणि मुलांना म्हण, आता तुमच्या वहीत काढा.